वंडूरच्या वाटेवर थांबा

सेल्युलर जेलच्या तिसऱ्या मजल्याच्या टोकाची सावरकरांची कोठडी येते तेव्हा व्हरांड्यात गर्दी झालेली असते. नाशिकचे आहेत, सांगलीचे आहेत, डोंबिवलीचा एक मोठा ग्रुप आहे. काहींनी चपला बाहेर काढल्या आहेत. कुणी उंबऱ्यावर डोकं टेकवतं, कुणी आतल्या तसबिरीपुढे हात जोडून उभं आहे. गाइड बाजूला होऊन थांबतो. मराठी माणसं इथे वेळ घेतात, हे त्याला पाठ आहे.

तुम्हीही घ्या वेळ. मी घाई करणार नाही. भिंतीला तळहात लावा आणि साल मागे जाऊ द्या.

जुलै १९११. कोठडी साडेतेरा फूट लांब, साडेसात फूट रुंद. झरोका इतका उंच की त्यातून उजेड येतो, बाहेरचं काही दिसत नाही. दाराचा अडसर बाहेरच्या भिंतीतल्या खोबणीत जाऊन बसतो. गजांतून हात कितीही लांबवलात तरी तो पोचत नाही. मधल्या मनोऱ्यापासून सात इमारती फुटलेल्या आहेत, आणि प्रत्येकीचं तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडे. समोर बघितलंत तर भिंतच. सुमारे सातशे कोठड्या, प्रत्येकीत एकटा माणूस. सकाळी तुम्हाला कोलूला जुंपतात. दिवसाला तीस पौंड खोबरेल निघालं पाहिजे. कमी भरलं तर दंडाबेडी, खडी बेडी, फटके. जेलर बारी रोज एकदा येऊन सांगतो की या भिंतींच्या आत तोच सरकार आहे. याच तुरुंगात दुसरीकडे कुठेतरी बाबाराव सावरकर आहेत, आणि सख्ख्या भावांना एकमेकांना भेटायची मुभा नाही. पुढच्या वर्षी इंदुभूषण रॉय कोठडीतच गळफास घेईल आणि उल्हासकर दत्त छळानं वेडा होईल; त्याला पुढे मद्रासच्या वेड्यांच्या इस्पितळात नेतील.

हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. ‘माझी जन्मठेप’ ज्या घरांत वाचली गेली त्या घरांतूनच तुम्ही आलात. म्हणून मी इथे फार थांबत नाही. आता कोठडीतून बाहेर या, जिना उतरा आणि मोठ्या फाटकातून बाहेर पडा. बहुतेक सहलींचं अंदमान या फाटकाच्या आत संपतं आणि फाटकाबाहेर निळा समुद्र, काचेच्या तळाची बोट, स्कूबा सुरू होतं. या दोन्हींच्या मध्ये एक तिसरं अंदमान आहे. त्याला वगळून सेल्युलर पाहणं मला आता पुरेसं वाटत नाही, आणि ते का, ते चालता चालता सांगतो. पाऊल टाकाल तसं साल बदलत जाईल.

उतारावरून खाली समुद्राकडे जा. १७ मे १८५९. जेमतेम सव्वा वर्षापूर्वी, १० मार्च १८५८ ला, डॉ. जेम्स वॉकर सत्तावनच्या बंडातले दोनशे कैदी घेऊन ‘सेमिरामिस’ जहाजातून इथे उतरला. त्यानंतर जहाजांमागून जहाजं आली. जंगल तोडायचं, दलदल बुजवायची, पळालं तर फाशी. एकाच खेपेला ऐंशीहून अधिक पळपुट्यांना वॉकरनं फासावर चढवलंय. आज पहाटे झाडांमधून धनुष्यबाण घेतलेली माणसं येत आहेत. ही त्यांची बेटं. हजारो वर्षांची. त्यांच्यात वर्षभर राहिलेला, त्यांच्यातल्या बाईशी संसार मांडलेला दूधनाथ तिवारी नावाचा पळालेला कैदी रात्रीच येऊन वॉकरला सावध करून गेलाय. त्यामुळे तोफा तयार आहेत. लढाई फार वेळ चालत नाही.

ग्रेट अंदमानी लोक तेव्हा हजारोंनी होते. पुढच्या काही दशकांत गोवर आला, उपदंश आला, दारू आली. १९६१च्या जनगणनेत त्यांची संख्या १९ भरली. ‘स्थानिक लोकांना पर्यटनाचा काय फायदा’ असं आपण विचारतो तेव्हा अंदमानात पहिला स्थानिक कोण होता, एवढं तरी मनात ठेवून पुढे चला.

आता खाडीच्या कडेनं साउथ पॉइंटकडे. साल साधारण १८८२. इथे बायकांचा तुरुंग आहे आणि आता तुम्ही त्यातली एक बाई आहात. तरुण, विधवा. मूल झालं, ते मेलं किंवा मारलं गेलं, आणि कोर्टानं तुम्हाला समुद्रापार धाडलं. त्या सुमारास सुरतेच्या विजयालक्ष्मीचा खटला गाजतोय. तिलाही याच गुन्ह्यासाठी आधी फाशी, मग जन्मभर काळं पाणी सुनावलं गेलं. वर्तमानपत्रांनी तिच्यावरून बायकांच्या जातीलाच धारेवर धरलं, आणि तिकडे बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी संतापून ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. विजयालक्ष्मीची शिक्षा अपिलात आणखी घटली. ज्यांची घटली नाही त्या इथे आहेत. तुम्ही जिच्या शेजारी बसून सूत काढताय ती कानपूरकडची आहे, पलीकडची मद्रास इलाख्यातली. तिघींना एकमेकींची भाषा धड येत नाही. म्हणून मोडकं हिंदुस्तानी बोलताय, आणि ते मोडकं हिंदुस्तानी हीच पुढे या बेटाची मायबोली होणार आहे.

पाच वर्षं नीट वागलात की लग्नाची परवानगी मिळते. ठरलेल्या दिवशी पुरुष येतात. दहा वर्षं काढून ‘सेल्फ सपोर्टर’चं तिकीट मिळवलेले कैदी. त्यांना जमिनीचा तुकडा, बैल, झोपडी बांधायची मुभा मिळालेली असते. बायका रांगेत उभ्या राहतात. पुरुष बघतात, एखादीशी दोन शब्द बोलतात. तुम्ही नाही म्हणू शकता. पुष्कळदा म्हटलंही जातं. पण नाही म्हणून कुठे जाणार? त्याची जात कुठली, गाव कुठलं, त्यानं केलं काय होतं, हे लग्नानंतर कळतं, किंवा कधीच कळत नाही. साहेबाच्या वहीत नोंद होते आणि तुम्ही एका अनोळखी माणसामागून त्याच्या झोपडीकडे चालू लागता.

या प्रसंगाची गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या मनात कीव आली होती. आता तिच्या जोडीला मोठा आदर आहे. कारण या झोपड्यांमध्ये जन्मलेल्या मुलांनी जे उभं केलं ते मुख्य भूमीवर आपल्याला अजून जमलेलं नाही. जात इथे सैल झाली, कारण ती धरून ठेवायला ना भाऊबंद होते ना पंचायत. हिंदू-मुसलमान घरांतून सोयरिकी झाल्या, सण दोन्ही घरचे झाले. या मुलांना ‘लोकल बॉर्न’ म्हणू लागले. मग १९२१च्या मलबारमधल्या उठावातले मोपला आले आणि त्यांनी आपल्या गावांची नावं इथल्या मातीवर ठेवली: कालिकत, मंजेरी, वंडूर. ब्रह्मदेशातून करेन आले, उत्तरेकडून भांतू आले. आज ही सगळी घरं स्वतःला ‘प्री-फोर्टी टू’ म्हणवतात, म्हणजे १९४२च्या आधीपासून इथे असलेली. या शब्दातलं साल फाळणीचं नाही, स्वातंत्र्याचंही नाही. ते जपान्यांचं आहे.

तिथेच जाऊ.

२३ मार्च १९४२. तुम्ही नऊ-दहा वर्षांचा मुलगा आहात. वडील सरकारी कचेरीत कारकून. आजोबा कैदी म्हणून आले होते, पण त्याबद्दल घरात बोलत नाहीत. इंग्रज साहेब बहुतेक सगळे आधीच जहाजानं निघून गेलेत. राजबंदी तर चार वर्षांपूर्वीच, १९३७च्या मोठ्या उपोषणानंतर, परत पाठवले गेले. सेल्युलरमध्ये राजबंदी उरलेले नाहीत. गेल्या वर्षीच्या भूकंपानं तिच्या भिंतींना तडे गेलेत. सकाळी बंदरात जपानी उतरतात, आणि एकही गोळी सुटत नाही. लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून बघतात. आशिया आशियाई लोकांचा, असं सांगितलं जातं. इंग्रज गेला याचा आनंदही असतो.

तो फार दिवस टिकत नाही. शिपाई घराघरांत शिरून कोंबड्या, अंडी, भांडी उचलतात, बायकांकडे बघतात. झुल्फिकार अली नावाचा एक तरुण त्यांच्यावर छऱ्याची बंदूक झाडतो. कुणाला लागत नाही. तरी घरं जाळली जातात, त्याला मैदानात आणतात, सगळ्या गावासमोर हात पिरगाळून मोडतात आणि गोळ्या घालतात. वडील तुमच्या डोळ्यांवर हात ठेवतात. आवाज मात्र ऐकू येतो.

मग सेल्युलर पुन्हा भरू लागते. या वेळी आतले कैदी बंगालचे क्रांतिकारक नसतात, पंजाबचे गदरवाले नसतात. ते पोर्ट ब्लेअरचे शिक्षक, डॉक्टर, तारमास्तर, पोलीस, कारकून असतात. जपान्यांची जहाजं बुडू लागलीत आणि त्यांना खात्री आहे की बेटावरून कुणीतरी इंग्रजांना खबर देतंय. खबर जात होती, हे खरं. पूर्वी इथेच पोलीस अधिकारी असलेला मॅकार्थी १९४३च्या जानेवारीत पाणबुडीतून गुपचूप किनाऱ्यावर उतरला, जंगलात लपून माहिती गोळा करून परतला. पण ज्यांना पकडलं त्यांतल्या बहुतेकांना मॅकार्थीची सावलीही ठाऊक नव्हती. कबुली मिळेपर्यंत मारायचं, ही पद्धत. घशात पाणी ओतून पोटावर उभं राहायचं. मांड्यांमध्ये कागद पेटवायचे. एकानं दुसऱ्याचं नाव घेतलं की दुसऱ्याला आणायचं.

एक दिवस वडील घरी येत नाहीत.

आई तुम्हाला घेऊन तुरुंगाच्या फाटकापाशी जाते. तेच फाटक, ज्यातून आपण मघाशी बाहेर पडलो. डबा आत घेत नाहीत. आतून आवाज येतात. शेजारी एक शीख बाई उभी आहे, ती डॉ. दिवाणसिंगांच्या ओळखीची. डॉक्टर कवी आहेत, ‘कालेपानी’ हे नावच त्यांनी लावून घेतलंय. त्यांनी इथे गुरुद्वारा उभा केला, शाळा चालवली. ते इंडियन इंडिपेन्डन्स लीगचे इथले प्रमुख होते, म्हणजे जपान्यांचे मित्रच म्हणायचे. पण कोरियातून आणलेल्या बायका ठेवायला गुरुद्वाऱ्याची इमारत हवी, असं जपान्यांनी म्हटलं तेव्हा त्यांनी नकार दिला, असं बेटावरची माणसं सांगतात. १९४३च्या ऑक्टोबरात त्यांना धरलं. ऐंशी दिवसांहून जास्त त्यांच्यावर अत्याचार चालले. १४ जानेवारी १९४४ ला ते याच तुरुंगात गेले.

त्या दोन तारखांच्या मध्ये आणखी एक तारीख येते. ३० डिसेंबर १९४३. तुम्हाला शाळेतून जिमखान्याच्या मैदानावर नेलंय. हातात कागदी तिरंगा. नेताजी आलेत. भारताच्या भूमीवर आझाद हिंदचा झेंडा चढतो आणि तुमच्या अंगावर काटा येतो. तो काटा खोटा नाही. तुम्ही ओरडता, घसा बसेपर्यंत. मैदानापासून तुरुंगाची टेकडी जवळच आहे. तिथे तुमचे वडील आहेत. नेताजींभोवती जपानी अधिकाऱ्यांचं कडं आहे. त्यांना तुरुंगाचा जो भाग दाखवला त्यात तुमचे वडील नव्हते. आई गर्दीतून पुढे सरकायचा प्रयत्न करते. कुणीतरी तिला मागे खेचतं, तिच्याच जिवासाठी.

बरोबर एक महिन्यानं, ३० जानेवारी १९४४ ला, ४४ माणसांना तुरुंगातून काढून शहराबाहेर हमफ्रीगंजला नेतात. ते बहुतेक लीगचे सभासद, गावातली जाणती माणसं. खंदक आधीच खणलेला आहे. गोळ्या घातल्या जातात आणि वर माती ओढली जाते.

तुमच्या आईला हे कुणी येऊन सांगत नाही. ते कळत जातं.

थांबा जरा. इथे मला माझं म्हणणं सांगायचंय. या ४४ जणांना देशाच्या गोष्टीत जागा का मिळाली नाही, याचा मी बराच विचार केला आहे. त्यांना इंग्रजांनी मारलं असतं तर त्यांचे पुतळे असते. ज्यांनी मारलं ते नेताजींचे मित्र होते. त्यामुळे इंग्रजांविरुद्धच्या कहाणीत ते बसत नाहीत आणि आझाद हिंदच्या कहाणीत अडचणीचे ठरतात. यानं नेताजींचं मोठेपण तसूभर कमी होत नाही. त्यांच्यापासून हे लपवलं गेलं होतं. पण त्यांचं मोठेपण राखायला या मेलेल्यांना गप्प बसवायची काही गरज नव्हती. बेटावरच्या माणसांनी या दोन्ही आठवणी एकाच मनात बाळगल्या आहेत, ८० वर्षं. आपण मुख्य भूमीवरून जातो आणि त्यांतली एकच मागतो.

अजून दीड वर्ष आहे. ते सगळ्यात वाईट. १९४५ उजाडेपर्यंत समुद्र दोस्तांच्या जहाजांनी बंद केलाय. तांदूळ येत नाही. तुम्ही कंद उकरता, पपईची खोडं शिजवता. सगळ्यांना विमानतळाच्या धावपट्टीवर किंवा शेतात राबायला लावलंय आणि त्याच शेतातलं काही उचललं तर जीव जातो. ऑगस्टमध्ये सांगतात की खाणारी तोंडं जास्त झाली, काही लोकांना नव्या बेटावर नेऊ, तिथे जमीन आहे, पिकवा आणि खा. काही शे माणसं बोटींत चढतात. पुष्कळ जण खुशीनं चढतात, बिऱ्हाड घेऊन, कारण जमीन म्हणजे अन्न. रात्री हॅवलॉकच्या जवळ बोटी थांबतात. किनारा दूर, पाणी खोल. तलवारी उपसून सगळ्यांना समुद्रात उतरवलं जातं. पुष्कळ बुडतात. जे पोहून किनाऱ्याला लागतात त्यांच्यासाठी बेटावर ना घर आहे ना धान्य. त्यांतलेही बहुतेक उपासमारीनं जातात. मोजके वाचले, म्हणून ही गोष्ट कळली. तेव्हा युद्ध संपायला काही दिवसच उरले होते.

हॅवलॉकला तुम्ही ओळखता. २०१८ पासून त्याचं नाव स्वराज द्वीप. राधानगरचा किनारा, पांढरी वाळू. लग्नानंतर तुमच्या भाचीनं तिथूनच फोटो पाठवले होते.

९ ऑक्टोबर १९४५. त्याच जिमखान्याच्या मैदानात जपानी सेनापती शरणागतीवर सही करतो. तुम्ही बारा-तेरा वर्षांचे आहात, पण वजन सात वर्षांच्या मुलाचं आहे. इंग्रज परत आलेत, आणि पहिल्यांदाच लोकांना त्यांच्या जहाजाचा आनंद झालाय, कारण त्यात तांदूळ आहे. कैद्यांची वसाहत म्हणून अंदमानचा कारभार इथे संपतो. ज्यांना जायचं त्यांनी मायदेशी जावं, असं सांगतात. पण मायदेश कुठला? वडिलांचा खंदक इथे आहे.

आता साल पटकन पुढे नेतो. १९६३. तुम्ही तिशी ओलांडलीत, घरात बायको आठव्या महिन्यात. सेल्युलरच्या सातांपैकी दोन इमारती जपान्यांच्या काळातच गेल्या होत्या. त्यांच्या विटा बंकरांत लागल्या. स्वातंत्र्यानंतर आणखी दोन पाडल्या आणि त्या आवारात गोविंद वल्लभ पंत इस्पितळ उभं राहिलं. अंदमानात शिक्षा भोगून परतलेले राजबंदी तिकडे कलकत्त्यात हळहळले: ज्या भिंतींवर आमचे सोबती मेले त्या तुम्ही पाडता? त्यांचं खरं होतं. त्यांच्या रेट्यामुळेच उरलेल्या तीन इमारती वाचल्या आणि ११ फेब्रुवारी १९७९ ला पंतप्रधान मोरारजी देसाईंनी सेल्युलर राष्ट्रीय स्मारक म्हणून देशाला अर्पण केलं. पण बेटावरच्या माणसाचंही खरं होतं. त्याला इस्पितळ हवं होतं, आणि मुख्य भूमी हजारांहून जास्त किलोमीटरवर. तुमची मुलगी तुरुंगाच्या जागेवर जन्मली. तिच्या आजोबांना जिथे डांबलं होतं त्याच टेकडीवर. बेटानं ही गोष्ट फार मोठी करून सांगितली नाही. मला ती कुठल्याही स्मारकाइतकीच मोलाची वाटते.

आणि आता आजचं साल. पोर्ट ब्लेअर शहराचं नाव २०२४ पासून श्री विजय पुरम. संध्याकाळी ध्वनी-प्रकाशाच्या खेळात अंगणातला पिंपळ तुरुंगाची कहाणी सांगतो, आणि ती ऐकताना माणसं रडतात. मी त्या खेळाला कमी लेखत नाही. अशा प्रवासाला जगात ‘डार्क टुरिझम’ म्हणतात. मरण, छळ, आपत्ती जिथे घडली तिथे माणसांनी जाणं. ग्लासगोच्या दोन अभ्यासकांनी १९९६ मध्ये हे नाव रूढ केलं. त्यावर दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणतं, हा दुःखाचा बाजार आहे. दुसरं म्हणतं, यानं गावाला रोजगार मिळतो, मग तक्रार कशाला.

अंदमानात या दोन्हींना पुरावा आहे. बाजार पाहायचा असेल तर अंदमान ट्रंक रोडवर चला. हा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये तो त्या भागात बंद करायला सांगितलं होतं. तरी गाड्यांचे ताफे जात राहिले, आणि २०१२ मध्ये जारवा बायकांना खाऊच्या बदल्यात नाचायला लावल्याची चित्रफीत जगानं पाहिली. चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचे ज्वालामुखी बघायला बाराटांगला जातो, असं सांगून पुष्कळ लोक वाटेत ‘जारवा दिसतील का’ म्हणून काचेला नाक लावून बसतात. जिवंत माणसं बघायला जाणं हे पर्यटन नाही, तो अपमान आहे, आणि त्यासाठी जाणाऱ्या गाडीत मराठी बोलणं ऐकू आलं की मला लाज वाटते. बाराटांगला समुद्रमार्गानं जाता येतं. तसं जमत नसेल तर गेलं नाही तरी चालतं.

आणि रोजगार? तो आहेच. टॅक्सीवाले, खानावळी, बोटींवरची मुलं, गाइड, घरगुती मुक्कामाच्या खोल्या देणारी कुटुंबं. पण तुम्ही दादरला किंवा पुण्याला बसून विमान, हॉटेल, गाडी, जेवण असं सगळं एका पाकिटात विकत घेतलंत तर त्यातलं बेटावर किती राहतं, हा हिशोब तुम्हीच करून बघा. उन्हाळ्यात शहराच्या वस्त्यांना पाणी आड दिवशी, कधी त्याहून उशिरा येतं. हॉटेलातल्या शॉवरला त्याची झळ लागत नाही. पर्यटनाचं ओझं स्थानिक माणूस उचलतोच. मग त्याला पगारापलीकडे काय मिळतं, हा माझा प्रश्न आहे.

माझं उत्तर असं: त्याच्या मेलेल्यांची मोजदाद व्हावी. पर्यटकाकडे पैशाहून मोठी एक ताकद असते आणि ती त्याच्या लक्षात येत नाही. तो जे विचारतो, ते सांगायला गाव शिकतं. मराठी ग्रुप एकच कोठडी विचारतो म्हणून गाइड ती एकच कोठडी तिखटमीठ लावून सांगतो. स्वतःच्या पणजीचं साउथ पॉइंटचं लग्न, स्वतःच्या आजोबांचा हमफ्रीगंजचा खंदक तो सांगत नाही, कारण कुणी विचारलेलंच नसतं. जे विकलं जात नाही ते मुलांना शिकवलंही जात नाही, आणि दोन पिढ्यांत पुसलं जातं. उलट, दहा ग्रुपांनी विचारलं की अकरावा यायच्या आत तो घरी जाऊन म्हाताऱ्या मावशीला नावं विचारून येईल. अशी विचारपूस पर्यटनानं गावाला दिली, तरच त्या दुःखाच्या जागी आपण जाणं योग्य आहे असं मी मानतो. सावरकरांच्या कोठडीबद्दलची भक्ती त्यासाठी कमी करावी लागत नाही. ज्या घरांना कैदी म्हणून याच तुरुंगानं घडवलं आणि याच तुरुंगानं उद्ध्वस्त केलं, त्यांच्याही दारात जायचंय, इतकंच.

हे अवघड नाही. जॉली बॉयला प्रवाळ बघायला जाणाऱ्या बोटी वंडूरहून सुटतात, म्हणून तुमच्या सहलीच्या पाचव्या किंवा सहाव्या दिवशी तुमची बस वंडूरच्या रस्त्यानं जाणारच असते. हमफ्रीगंज त्याच वाटेवर लागतं. तिथे ‘बलिदान वेदी’ नावाचं स्मारक आहे. बस अर्धा तास आधी काढायला सांगा. शहरात डॉ. दिवाणसिंगांच्या नावाचा गुरुद्वारा आहे. तिथे जाऊन बसा, लंगरात जेवा. गाइड ठरवताना तो प्री-फोर्टी टू घरातला आहे का, विचारा, आणि असेल तर सेल्युलरच्या फाटकात शिरण्याआधी त्याच्या घरचं माणूस इथे कसं आलं ते विचारा. त्याला सांगायचं नसेल तर पुन्हा विचारू नका. काही घरांत ती गोष्ट अजून बंद आहे, आणि बंद ठेवण्याचा त्यांना अधिकार आहे.

आणि सहली काढणाऱ्या आपल्या मंडळींना माझं एक मागणं आहे. तुमच्या छापील कार्यक्रमात तिसऱ्या दिवशी ‘सेल्युलर जेल, लाइट अँड साउंड शो’ असतं. पाचव्या दिवसापुढे ‘वंडूर–जॉली बॉय’ असतं. त्या दोन शब्दांच्या आधी ‘हमफ्रीगंज’ एवढं छापा. दरवर्षी ३० जानेवारीला, सगळा देश गांधीजींसाठी दोन मिनिटं उभा राहतो त्याच दिवशी, त्या ४४ जणांची घरं तिथे जमतात. बेटावरच्या पर्यटनाचा हंगाम तेव्हा ऐन भरात असतो आणि पोर्ट ब्लेअरमध्ये मराठी ग्रुप नाही असा एकही दिवस जात नाही. त्या दिवशीचा एक ग्रुप तिथे पाठवा, आणि जायच्या आधी त्या घरांना विचारून पाठवा.